पस्तीस चेंडूंच्या पुढे

इंदूरचं होळकर स्टेडियम नंदुरबार जिल्ह्याला पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमपेक्षा जवळ पडतं. शहाद्याहून खेतिया, पानसेमल, सेंधवा करत आग्रा रोडला लागलं की इंदूर फार लांब उरत नाही. त्या मैदानावर २२ डिसेंबर २०१७ च्या संध्याकाळी रोहित शर्माने श्रीलंकेच्या गोलंदाजांना सळो की पळो करून सोडलं. ३५ चेंडूंत शतक. ४३ चेंडूंत ११८ धावा, त्यात १२ चौकार आणि १० षटकार. के. एल. राहुलबरोबरची १६५ धावांची सलामी तेराव्या षटकात तुटली, तेव्हा भारताच्या डावातली सात षटकं बाकी होती. आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मधल्या सर्वांत जलद शतकाच्या विक्रमाशी रोहितने त्या दिवशी बरोबरी केली. दोनच महिने आधी दक्षिण आफ्रिकेच्या डेव्हिड मिलरने पॉचेफस्ट्रूमला बांगलादेशविरुद्ध तेवढ्याच चेंडूंत शतक काढलं होतं.

त्या पस्तिसाचं पुढे काय झालं हे पाहिलं, की या छोटेखानी क्रिकेटमधल्या विक्रमांचा सगळा प्रश्न समोर उभा राहतो. जवळजवळ सहा वर्षं तो आकडा टिकला. मग २७ सप्टेंबर २०२३ ला चीनमधल्या हांगचौ इथे आशियाई स्पर्धेत नेपाळच्या कुशल मल्लाने मंगोलियाविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलं. त्याच डावात दीपेंद्रसिंग ऐरीने ९ चेंडूंत अर्धशतक ठोकलं आणि युवराजसिंगचा २००७ च्या डर्बनमधला १२ चेंडूंचा विक्रम सोळा वर्षांनी मोडला. नेपाळने ३ बाद ३१४ केल्या आणि मंगोलियाला ४१ वर गुंडाळलं. बरोबर पाच महिन्यांनी, २७ फेब्रुवारी २०२४ ला, नेपाळच्याच कीर्तिपूरमध्ये नामिबियाच्या यान निकोल लॉफ्टी-ईटनने नेपाळच्याच गोलंदाजांवर ३३ चेंडूंत शतक काढलं. आणि १७ जून २०२४ ला एस्टोनियाच्या साहिल चौहानने सायप्रसविरुद्ध फक्त २७ चेंडू घेतले. ४१ चेंडूंत नाबाद १४४, १८ षटकार.

एस्टोनियाचं नाव आलं की आपल्याकडे चर्चा लगेच एका वळणावर जाते. असल्या विक्रमांना काय अर्थ? कोण गोलंदाज, कसलं मैदान, कुठलं सायप्रस? रोहितचं शतक खरं, हे कागदावरचं. चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हेच ऐकू येतं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, तसा तो जसाच्या तसा मान्य करण्यासारखाही नाही.

मुळात हे विक्रम यादीत आले कसे? २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या सगळ्या सदस्य देशांमधल्या ट्वेंटी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा द्यायचं ठरवलं. महिलांसाठी १ जुलै २०१८ पासून आणि पुरुषांसाठी १ जानेवारी २०१९ पासून हा निर्णय लागू झाला. परिषदेचे सदस्य शंभराहून अधिक. तोवर हा दर्जा कसोटी खेळणाऱ्या देशांना आणि आणखी मोजक्या संघांना होता. विक्रमांची वही सगळ्यांसाठी उघडली आणि तिच्यात भूतान, मलेशिया, रवांडा, बहारीन, मालदीव असे सगळे येऊन बसले. साहजिकच टोकाचे आकडे झपाट्याने बदलले. स्पेनविरुद्ध आइल ऑफ मॅनचा संघ फेब्रुवारी २०२३ मध्ये १० धावांत बाद झाला आणि स्पेनने तो सामना दोन चेंडूंत जिंकला. मंगोलियाही सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरविरुद्ध १० वर आटोपला. नेपाळच्या अंजली चंदने डिसेंबर २०१९ मध्ये पोखऱ्याला मालदीवच्या महिलांविरुद्ध १३ चेंडूंत एकही धाव न देता ६ बळी घेतले. शून्य धावांत सहा बळी! एवढ्यावर थांबलं तर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं पटतं.

पण हांगचौची पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मंगोलियाला धुऊन काढल्यावर सहाच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्याच स्पर्धेत, नेपाळची गाठ भारताशी पडली. उपांत्यपूर्व सामना. भारताचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या यशस्वी जयस्वालने ४९ चेंडूंत १०० केल्या आणि भारताने ४ बाद २०२ उभारल्या. नेपाळ ९ बाद १७९ पर्यंत पोहोचला. फक्त २३ धावांनी हरला, आणि ऐरीने १५ चेंडूंत ३२ काढत काही काळ भारताच्या तोंडचं पाणी पळवलं. ९ चेंडूंतलं अर्धशतक ठोकणारा हा तोच फलंदाज. पुढच्या वर्षी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेसमोर नेपाळ एका धावेने हरला. सप्टेंबर २०२५ मध्ये शारजाला त्याने वेस्ट इंडीजविरुद्धची मालिकाच जिंकली. मंगोलियाविरुद्धचा आकडा फुगलेला होता हे खरं, पण तो काढणारे हात खोटे नव्हते.

दुसरा दाखला तर आपल्याच माणसाचा आहे. सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक तो भारताकडून खेळला, मग इथे पुढची वाट दिसेना म्हणून संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि अमेरिकेच्या संघातून खेळू लागला. ६ जून २०२४ ला डॅलसजवळच्या मैदानात पाकिस्तानविरुद्ध त्याने चार षटकांत १८ धावा देऊन दोन बळी घेतले. सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ काढल्या आणि चेंडू पुन्हा नेत्रावळकरच्याच हातात दिला. त्याने १३ दिल्या, एक बळी घेतला. पाकिस्तान हरला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहितलाही बाद केलं. सहा चेंडूंत १८ धावा राखणं हा प्रकार विक्रमांच्या कुठल्याच यादीत सापडत नाही. मला मात्र तो २७ चेंडूंच्या शतकापेक्षा मोठा वाटतो.

माझं म्हणणं असं. वही उघडली हे योग्यच झालं, ती पुन्हा मिटू नये, आणि मोठ्या देशांची एक, छोट्यांची दुसरी अशी दोन पंगतींत ती फाडूही नये. फक्त आकडा वाचताना तीन गोष्टी सोबत वाचायची सवय आपण लावून घ्यावी: समोर कोण होतं, खेळपट्टी कशी होती आणि सामना कुठल्या टप्प्यावर होता. हे एकदा केलं की विक्रमांचा क्रम बराच बदलतो आणि सगळ्यांत जास्त वर सरकतात ते गोलंदाज.

कारण हा खेळ रचलाच गेला आहे फलंदाजासाठी. १२० चेंडूंच्या डावात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त २४ चेंडू मिळतात. सलामीच्या फलंदाजाला मनात आणलं तर ७०-७५ चेंडू खेळता येतात. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅरन फिंचने २०१८ मध्ये हरारेत १७२ केल्या त्या ७६ चेंडूंत. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, सीमारेषा आत ओढलेल्या, बॅटच्या कडा जाड, आणि भारतात रात्रीच्या सामन्यात दव. ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून साबणासारखा निसटतो. अशा परिस्थितीत २४ चेंडूंत काही विलक्षण करून दाखवणं म्हणजे काय, याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच पाहायला मिळाला.

नागपूरजवळचं जामठा. १० नोव्हेंबर २०१९. बांगलादेशविरुद्धची मालिका १-१ अशी बरोबरीत, तिसरा सामना. कर्णधार रोहित. भारताच्या ५ बाद १७४. दीपक चहरने सुरुवातीलाच लिटन दास आणि सौम्य सरकार यांना लागोपाठच्या दोन चेंडूंवर परत पाठवलं. मग मोहम्मद नईम आणि मोहम्मद मिथुन यांनी ९८ धावांची भागी केली आणि सामना हळूहळू बांगलादेशकडे कलू लागला. तेराव्या षटकात धावफलक होता २ बाद ११०. त्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर चहरने मिथुनला काढलं. इथून पुढचं काम मुंबईच्या शिवम दुबेने केलं. त्याने मुशफिकुर रहीमचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला, मग ८१ वर खेळणाऱ्या नईमला आणि अफीफ हुसेनला बाद केलं. दुबेचे ३० धावांत ३ बळी त्या रात्रीच्या बातम्यांत झाकले गेले. मला ते झाकले जाणं पटत नाही, कारण सामना फिरला तो तिथे. अठराव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर चहरने शफीउलला घेतलं, आणि विसाव्या षटकाच्या पहिल्या दोन चेंडूंवर मुस्तफिझुर आणि अमीनुल. हॅटट्रिक. २ बाद ११० वरून सर्वबाद १४४. चहरचं पृथक्करण ३.२ षटकं, ७ धावा, ६ बळी.

त्या क्षणी ती पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मधली सर्वोत्तम गोलंदाजी होती. आधीचा मान श्रीलंकेच्या अजंता मेंडिसचा होता, २०१२ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध ८ धावांत ६. दुसऱ्या दिवशी अनेक ठिकाणी छापून आलं की ट्वेंटी-२० मधली ही भारताची पहिली हॅटट्रिक. ते चूक होतं. उत्तराखंडच्या एकता बिश्तने ऑक्टोबर २०१२ मध्येच कोलंबोत श्रीलंकेच्या महिलांविरुद्ध हॅटट्रिक घेतली होती. चहरची पुरुषांमधली पहिली. महिलांची आकडेवारी वेगळ्या कप्प्यात ठेवून विसरून जायची आपली सवय इथे उघडी पडते आणि ती अजून गेलेली नाही.

चहरचा विक्रमही वही उघडल्यानंतर फार टिकला नाही. २०२१ मध्ये नायजेरियाच्या पीटर आहोने ५ धावांत ६ बळी घेतले. जुलै २०२३ मध्ये क्वालालंपूरला मलेशियाच्या स्याझरुल इद्रुसने चीनविरुद्ध ८ धावांत ७ घेतले. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये कोणी सात बळी घेण्याची ती पहिलीच वेळ, आणि सातही फलंदाज त्रिफळाचीत! चीनचे फलंदाज कच्चे होते, मान्य. पण सात वेळा यष्टी उडवायला चेंडू सात वेळा सरळ पडावा लागतो, आणि सरळ चेंडू ही समोरच्या संघाने दिलेली भेट नसते.

गोलंदाजीच्या विक्रमांत मला बळींपेक्षा धावा रोखणारे जास्त मोलाचे वाटतात. २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध चार षटकं टाकली, चारही निर्धाव, आणि तीन बळी. विश्वचषकात असं कोणी केलं नव्हतं. त्याच स्पर्धेत जसप्रीत बुमराने १५ बळी घेतले, षटकामागे ४.१७ धावा देऊन. बळींच्या यादीत अर्शदीपसिंग आणि अफगाणिस्तानचा फझलहक फारुकी प्रत्येकी १७ घेऊन त्याच्या पुढे होते. तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू बुमराच ठरला आणि निवडणाऱ्यांनी बरोबर निवडलं. २९ जूनच्या ब्रिजटाऊनच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. अठराव्या षटकात बुमराने दोन धावा दिल्या आणि मार्को यान्सनचा त्रिफळा उडवला. भारत सात धावांनी जिंकला. विक्रमांच्या पानावर त्या षटकाला जागा नाही.

फलंदाजीकडे वळताना मागचं थोडं सांगायला हवं. पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना महिलांचा, ५ ऑगस्ट २००४ चा, इंग्लंडमधल्या होव्हचा. पुरुषांचा पहिला सामना त्यानंतर सहा महिन्यांनी ऑकलंडला झाला. भारताचे पुरुष १ डिसेंबर २००६ ला जोहान्सबर्गला पहिल्यांदा हा प्रकार खेळले, तेव्हा संघात श्रीरामपूरचा झहीर खान होता, अजित आगरकर होता आणि सचिन तेंडुलकरही होता. सचिनचा तो एकमेव आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना: १० धावा, एक बळी. पहिलं शतक ख्रिस गेलचं, सप्टेंबर २००७ मध्ये. त्या काळात १६० धावा म्हणजे भरपूर. आज २०० वर गोलंदाज निर्धास्त नसतो. मार्च २०१६ मध्ये वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेने २२९ केल्या आणि इंग्लंडने त्या पार केल्या, तेव्हाच हे कळून चुकलं होतं.

रोहित निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १५९ सामन्यांत ४२३१ धावा, पाच शतकं आणि २०५ षटकार होते. आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये पाच शतकं करणारा तो पहिला फलंदाज. ही बेरीज दीर्घ कारकिर्दीची. सूर्यकुमार यादवचं वेगळं. २०२२ या एका वर्षात त्याने ११६४ धावा केल्या त्या शंभर चेंडूंमागे १८७ धावा या गतीने, आणि ६८ षटकार मारले. एका वर्षात हजार आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० धावा करणारा तो पहिला भारतीय. आकड्यापेक्षा पद्धत नवी होती. ऑफ स्टंपच्या बाहेरचा वेगवान चेंडू गुडघ्यावर बसून यष्टिरक्षकाच्या मागे, डाव्या बाजूच्या सीमारेषेवरून भिरकावून द्यायचा. गोलंदाजाने क्षेत्ररक्षक लावावा तरी कुठे? बाहेर टाकला तर मागे जातो, आत टाकला तर कव्हरवरून जातो.

२० नोव्हेंबर २०२२, माउंट मॉन्गानुई. सूर्यकुमार ५१ चेंडूंत नाबाद १११. एकोणिसाव्या षटकापर्यंत न्यूझीलंडचे गोलंदाज हतबल. आणि विसाव्या षटकात टिम साउदीने हार्दिक पंड्या, दीपक हुडा आणि वॉशिंग्टन सुंदर यांना लागोपाठ तीन चेंडूंवर बाद करून हॅटट्रिक घेतली. सूर्यकुमारच्या वाट्याला त्या षटकात एकही चेंडू आला नाही. तो दुसऱ्या टोकाला उभा राहून बघत होता. एकाच डावात शतकही, हॅटट्रिकही. मग हुडाने १० धावांत ४ बळी घेतले. एक सामना निवडून कोणाला दाखवायचा झाला तर मी हा दाखवेन, कारण बॅट आणि चेंडू दोघांचीही बाजू त्यात पुरेपूर आहे.

विक्रम आणि विजय यांची सांगड मात्र नेहमी बसत नाही. सूर्यकुमारचं पहिलं शतक, ५५ चेंडूंत ११७, नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर. भारत तो सामना १७ धावांनी हरला. त्याहून जिव्हारी लागणारा सामना ऋतुराजचा. २८ नोव्हेंबर २०२३, गुवाहाटी. सुरुवातीला तो चेंडूला धाव या गतीनेच खेळत होता. मग डाव पेटला. ग्लेन मॅक्सवेलने टाकलेल्या विसाव्या षटकात ३० धावा आल्या, ऋतुराज ५७ चेंडूंत नाबाद १२३, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ट्वेंटी-२० शतक करणारा पहिला भारतीय पुरुष. त्याच मॅक्सवेलने मग बॅट हातात घेतली आणि ४८ चेंडूंत नाबाद १०४ काढून शेवटच्या चेंडूवर चौकार मारून सामना नेला. प्रसिध कृष्णाच्या चार षटकांत ६८ धावा गेल्या. भारतीय गोलंदाजाने एका सामन्यात इतक्या धावा तोवर कधी दिल्या नव्हत्या. एका रात्रीत तीन विक्रमी आकडे आणि त्यातला सर्वांत सुंदर हरलेल्या बाजूला.

याउलट २ फेब्रुवारी २०२५ चं वानखेडे. पंजाबच्या अभिषेक शर्माने इंग्लंडविरुद्ध ३७ चेंडूंत शतक केलं, ५४ चेंडूंत १३५, १३ षटकार. तोपर्यंत कुठल्याही भारतीयाने आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये एवढी मोठी खेळी केली नव्हती. इंग्लंडचा अख्खा संघ ९७ वर बाद. एकट्या अभिषेकच्या धावा त्यांच्यापेक्षा ३८ ने जास्त. समोर जोफ्रा आर्चर, मार्क वुड, आदिल रशीद. सुरुवातीच्या तीनही प्रश्नांची उत्तरं इथे चोख मिळतात.

ट्रेंट ब्रिजवरच महाराष्ट्राचं आणखी एक शतक आहे. २८ जून २०२५ ला सांगलीच्या स्मृती मानधनाने इंग्लंडविरुद्ध ६२ चेंडूंत ११२ केल्या. हरमनप्रीत कौर जायबंदी असल्याने नेतृत्वही तिच्याकडेच होतं. भारत २१०, इंग्लंड ११३. तिन्ही प्रकारांत शतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. माधवनगरमध्ये वाढलेली ही मुलगी २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ करून आली होती. तिची वाट जिल्हा, राज्य, देश अशी रीतसर गेली.

सोलापूर जिल्ह्याच्या किरण नवगिरेची तशी गेली नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्याला तिची गोष्ट जास्त जवळची म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. किरण अ‍ॅथलेटिक्समधून आली. भाला, गोळा फेकणारे खांदे. क्रिकेटकडे उशिरा वळली आणि संधीसाठी पाहुणी खेळाडू म्हणून थेट नागालँडला गेली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ केल्या, १६ षटकारांसह. ट्वेंटी-२० च्या एका डावात दीडशेच्या पुढे गेलेली पहिली भारतीय, महिलांमध्ये. तेव्हाही लोक म्हणालेच, अरुणाचलविरुद्ध काय! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती भारताकडून इंग्लंडमध्ये खेळली. महिलांच्या पहिल्या प्रीमियर लीगमध्ये बॅटवर प्रायोजकाचं नाव नाही म्हणून तिने त्यावर हाताने धोनीची आद्याक्षरं आणि ७ हा आकडा लिहिला होता, आणि त्या बॅटने अर्धशतक काढलं. १७ ऑक्टोबर २०२५ ला नागपूरला, आता महाराष्ट्राकडून खेळताना, पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक केलं. ३५ चेंडूंत नाबाद १०६. महिलांच्या ट्वेंटी-२० क्रिकेटमध्ये, देशी-विदेशी सगळं धरून, याहून जलद शतक तोपर्यंत झालेलं नव्हतं. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा ३६ चेंडूंचा विक्रम तिने मोडला. महाराष्ट्राने १११ चं लक्ष्य आठ षटकांत गाठलं. सामना देशांतर्गत होता म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत तो येणार नाही. जगातल्या यादीत तो आहे.

आता नंदुरबार. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, सहा तालुके, बहुसंख्य आदिवासी वस्ती. मुंबई आणि विदर्भ सोडून उरलेल्या महाराष्ट्राचं क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे, त्यामुळे शहादा, तळोदा किंवा धडगावच्या पोराची वाट पुण्याला जाते. ती लांबची आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक अशा नावांचे सहा संघ होते. खानदेशच्या नावाचा एकही नव्हता. सगळ्यांत जवळचं नाशिक. असोसिएशनने कधीतरी हा हिशेब बघायला हवा.

आणि तरीही खेळ कुठे थांबलाय? पिकं निघाली की रिकाम्या वावरात खेळपट्टी ठोकून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. सहा-आठ षटकांचे सामने, मंडप, चषक, रोख बक्षीस, कर्ण्यावर मराठीत, अहिराणीत कॉमेंट्री. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या पोरांचा हात बघा: थेट फेकीने यष्टी उडवणारे खांदे आहेत, न शिकता पडणारे यॉर्कर आहेत. टेनिस बॉलवरचा पराक्रम लेदरवर टिकेलच असं नाही. चेंडू जड असतो, स्विंग होतो, लागतो, भीती वाटते. पण २०२४ मध्ये ठाण्यात टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली ती याच खेळाडूंच्या बळावर. म्हणजे त्या मैदानांकडे बघणारे डोळे आता आहेत.

नाही ते स्कोअरबुक. गावच्या स्पर्धेत धावफलक असतो, एकूण धावा असतात, पण कोणी किती चेंडू खेळले, कुठल्या षटकात किती गेल्या, बळी कसा पडला, याची नोंद बहुतेक वेळा रात्री मंडपाबरोबर निघून जाते. साहिल चौहानचं शतक आज जगाला माहीत आहे, कारण सायप्रसच्या त्या मैदानाच्या कडेला कोणीतरी सत्ताविसावा चेंडू मोजून लिहिला. किरणच्या अरुणाचलविरुद्धच्या १६२ धावा नीट लिहिलेल्या नसत्या, तर त्या नुसत्या ऐकीव राहिल्या असत्या.

म्हणून विनंती आहे, नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावच्या स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना. बक्षिसाच्या रकमेतले थोडे पैसे बाजूला काढून प्रत्येक सामन्याला एक स्कोअरर बसवा. गावात दहावी-बारावी झालेली हुशार मुलगी असेल तर तिला हे काम शिकवा, मानधन द्या. कागदी वही चालेल, मोबाइलवर क्रिकहिरोजसारखं ॲप फुकट मिळतं तेही चालेल. चेंडू न् चेंडू लिहा, गोलंदाजाची षटकं, निर्धाव, धावा, बळी लिहा, समोरचा संघ कोणता आणि खेळपट्टी मातीची होती की मॅटची तेही लिहा. मुलींच्या सामन्यांना तीच वही वापरा. स्पर्धा संपली की एक प्रत जिल्हा संघटनेकडे द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. येत्या हंगामापासूनच सुरुवात करा.